सुई आणि उपग्रह : प्रस्तावना

अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे माप चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या थोडे वर भरते. या पुस्तकाचा विषय त्यातला एखादा नॅनोटेस्ला आहे. बरेचदा त्याहूनही कमी. एवढ्या किरकोळ भागावर अख्खे पुस्तक कशाला, असे वाचक विचारणारच, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. हा किरकोळ भाग ठेक्यात हलतो. कधी वीस-तीस सेकंदांनी, कधी मिनिटाने, कधी पाच मिनिटांनी तो वरखाली होतो, काही वेळ तसाच चालतो आणि विरून जातो. त्याला हलवणारे जमिनीवर काही नसते. सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकावर आदळून त्याला वळसा घालतो, त्या हजारो किलोमीटर दूरच्या हद्दीत आणि तिच्या आत हा ठेका जन्म घेतो. त्या हद्दीच्या आतला सगळा प्रदेश म्हणजे चुंबकावरण आणि हे ठेके म्हणजे चुंबकीय स्पंदने. तिथे काय चालले आहे हे जमिनीवर बसून कळण्याचे फार थोडे मार्ग आहेत. त्यातला हा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत स्वस्त.

हे पुस्तक भाईंदरमध्ये बसून लिहिले आहे. स्पंदने पाहण्यासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. दहा मीटरवरून एक मोटार गेली की तिच्या लोखंडाने दहा-वीस नॅनोटेस्लांचा फरक पडतो. मग लिफ्ट, पाण्याचे पंप, इमारतींच्या सळया आणि फलाटावर दर दोन-चार मिनिटांनी येणारी लोकल यांचे काय सांगावे! खिशातल्या मोबाईलमध्ये चुंबकीय संवेदक असतो खरा, पण तो शंभरेक नॅनोटेस्लांहून लहान फरक ओळखत नाही. म्हणजे गच्चीवर जाऊन मोबाईल धरल्याने काही हाती लागायचे नाही, हे उत्साही विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवतो.

पण भाईंदरकरांचे एक नशीब आहे. नकाशा काढून पाहा. भाईंदर आणि अलिबाग जवळपास एकाच रेखांशावर आहेत; अलिबाग इथून सरळ दक्षिणेला, हवाई अंतराने सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. स्पंदनांची लहर हजारो किलोमीटर लांबीची असते, तेव्हा एवढ्याशा अंतरात तिच्यात फरक तो काय पडणार? अलिबागच्या उपकरणाने नोंदलेले स्पंदन त्याच क्षणी मीरा रोडवरून, काशीमीऱ्यावरून, उत्तनच्या समुद्रावरूनही गेलेले असते. इथे ते गोंगाटात बुडते आणि तिथे कागदावर उतरते, इतकेच.

तिथेच का उतरते, याची गोष्ट मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे आणि ती मराठी वाचकाला जेवढी ठाऊक हवी तेवढी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. त्या वेळी तिथे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार होते आणि त्यांच्या हाताखाली अलिबागजवळच्या नागावचा एक कोवळा मुलगा काम करत होता. तो म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात टिळकांना गणित शिकवणारे, ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ लिहिणारे केरूनाना आपल्याला माहीत असतात. दोऱ्याला टांगलेल्या चुंबकाकडे डोळे लावून आकडे टिपणाऱ्यांत वावरलेले केरूनाना सहसा कोणी सांगत नाही. काम कंटाळवाणे होते. ठरल्या वेळी दुर्बिणीतून मोजपट्टीवरची रेघ वाचायची, वहीत उतरवायची आणि पुढच्या वाचनाची वेळ येईपर्यंत थांबायचे. रात्रीसुद्धा. चुंबकीय वादळाची चिन्हे दिसली की वाचनांमधले अंतर कमी करायचे, पाच मिनिटांपर्यंत.

या शिस्तीचे फळ १८५९मध्ये मिळाले. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरच्या डागांमध्ये प्रखर लखलखाट पाहिला. एक दिवस उलटण्याच्या आतच जगभरच्या चुंबकसुया वेड्यासारख्या हलू लागल्या. युरोपातल्या कित्येक स्वयंचलित यंत्रांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र माणसे डोळ्यांनी वाचत होती, म्हणून वाचन सुटले नाही. २ सप्टेंबरच्या दुपारच्या आधी चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद त्या वहीत राहिली. २००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्षसिंग लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्या वादळाचे मोजमाप नव्याने मांडले ते याच कुलाब्याच्या आकड्यांवरून. दीडशे वर्षांपूर्वीचे आकडे इतके कामाचे ठरणे हे भारतीय विज्ञानात वरचेवर घडत नाही.

त्याच वादळात लंडनजवळच्या क्यू इथल्या वेधशाळेत दुसरेच काही सापडले. तिथे प्रकाशाच्या किरणाने छायाचित्राच्या कागदावर सतत रेघ उमटत असे. बाल्फोर स्टुअर्ट यांना त्या रेघेत बारीक दाते दिसले. अर्ध्या मिनिटापासून चार-पाच मिनिटांपर्यंतच्या अंतराने क्षेत्र मागेपुढे होत होते. चुंबकीय स्पंदनांची पहिली नोंद म्हणून हीच सांगितली जाते. एकाच वादळात कुलाब्याला घसरणीची खोली मिळाली आणि क्यूला दाते मिळाले. कुलाब्याला दाते का मिळाले नाहीत? पाच मिनिटांनी एकदा वाचले की दहा मिनिटांहून लहान आवर्तन त्या आकड्यांत ओळखूच येत नाही. निरीक्षकाचा दोष नव्हता, मोजण्याच्या अंतराचा होता. कुलाब्याला छायाचित्रावर नोंद करणारी यंत्रे आली ती १८७२मध्ये, चार्ल्स चेंबर्स संचालक असताना.

१८९६मध्ये नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस संचालक झाले. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय प्रमुख. त्यांच्याच कारकिर्दीत मुंबईत घोड्याच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचे ठरले. अशा ट्रामचा डीसी प्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीत झिरपतो आणि आसपासच्या कित्येक किलोमीटरच्या टापूत चुंबकीय नोंद नासवतो, हे तेव्हाच्या युरोपीय वेधशाळांनी अनुभवले होते. ट्राम थांबणार नव्हती. तेव्हा वेधशाळाच हलवायची ठरली. जागा निवडली ती अलिबागची. पोरबंदरी दगडात, लोखंड टाळून इमारती उभ्या राहिल्या. १९०४मध्ये तिथे काम सुरू झाले आणि पुढची दोन वर्षे, १९०६पर्यंत, कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्ही ठिकाणी नोंद चालू राहिली, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळवता यावा. विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी.

त्या दोन वर्षांबद्दल मला मूससाहेबांविषयी विशेष आदर वाटतो. मालिका न तोडता जागा बदलणे हे काम दिसायला साधे असले, तरी त्यामागे पुढच्या शंभर वर्षांचा विचार लागतो. १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदींचे त्यांनी १९१० साली दोन खंड काढले. आजही संशोधक ते उघडतात. आजच्या मुंबईत एखादा वाहतूक प्रकल्प उभा राहताना कोणी आधी वैज्ञानिक उपकरणाची सोय लावून देईल का, याबद्दल मी फारसा आशावादी नाही. १९२८ साली कुलाबा स्थानकापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, १९३६मध्ये ती भाईंदर ओलांडून विरारला पोचली. वेधशाळा कुलाब्यात राहिली असती तर तेव्हाच ती आंधळी झाली असती. पश्चिम रेल्वेवर २०१२पर्यंत १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी आले. पन्नास हर्ट्झचा तो गुंजारव गाळता येतो, डीसी गाळता येत नाही. पण तोवर आमच्या गावात बाकीचे लोखंड एवढे वाढले होते की व्हायचे ते नुकसान होऊन चुकले होते.

आता स्पंदने म्हणजे नेमके काय, याकडे वळतो. स्टुअर्ट यांच्यानंतर जवळपास शंभर वर्षे ती नोंदली गेली, वर्गवारी झाली, पण ती का होतात हे सांगता येत नव्हते. १९४२मध्ये हान्नेस आल्फव्हेन यांनी दाखवले की विद्युतवाहक द्रवात चुंबकीय रेषा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावरून लहर धावू शकते. १९५४मध्ये जेम्स डंजी यांनी ही कल्पना पृथ्वीच्या रेषांना लावली. उत्तर गोलार्धातून निघून अंतराळात कमान घालून दक्षिण गोलार्धात उतरणारी रेषा दोन टोकांना आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, बांधलेली असते. ती छेडली की तंबोऱ्याच्या तारेसारखी स्वतःच्या स्वरात वाजते. तार लांब असेल तर स्वर खाली जातो, जड असेल तरी खाली जातो. रेषेला वजन कुठून येते? तिच्यावर अडकलेल्या प्लाझ्मामधून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतून. त्यामुळे स्वर मोजला आणि रेषेची लांबी व ताण माहीत असला की त्या उंचीवर किती पदार्थ आहे याचा हिशेब जमिनीवरून करता येतो. हे ऐकायला जादू वाटते, पण गरज खरी आहे. उपग्रहावर स्वतःचा धनभार साचतो, तो थंड आयनांना दूर लोटतो, आणि प्रत्यक्ष तिथे पोचूनही उपग्रहाला त्यांची नीट मोजदाद करता येत नाही.

स्पंदनांची नावे रुक्ष आहेत आणि त्यांना पर्याय शोधण्याच्या फंदात मी पडलो नाही. सलग चालणाऱ्या स्पंदनांना पीसी आणि तुटक, झटक्याने येणाऱ्यांना पीआय म्हणतात. पुढचा आकडा आवर्तकाल सांगतो. पीसी१ सेकंदाच्या पाचव्या हिश्शापासून पाच सेकंदांपर्यंत, पीसी३ दहा ते पंचेचाळीस सेकंद, पीसी४ तिथून दीडशे सेकंदांपर्यंत, पीसी५ दहा मिनिटांपर्यंत. पीआय२ चाळीस ते दीडशे सेकंदांचे. ही विभागणी १९६०च्या दशकात ठरली तेव्हा कारणे पुरती माहीत नव्हती, म्हणून ती केवळ सोयीची आहे. एका खान्यात चार वेगवेगळ्या कारणांची स्पंदने बसतात. विद्यार्थ्यांनी तिला फार मान देऊ नये.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, जमीन एकटी खोटे बोलते आणि उपग्रहही एकटा खोटे बोलतो. जमिनीचे आधी पाहू. लहर आपल्यापर्यंत येताना आयनांबर ओलांडते, तिथे प्रवाह वाहू लागतात, आणि जमिनीवर दिसते ती त्या प्रवाहांची खूण. वर पूर्व-पश्चिम डोलणारी लहर खाली उत्तर-दक्षिण डोलताना दिसते. दिशा जवळजवळ काटकोनात वळलेली असते. शिवाय ज्या लहरींची पूर्व-पश्चिम लांबी लहान असते त्या खाली येईपर्यंत पुसल्या जातात. चुंबकावरणात जोरात चालू असलेली अशी लहर जमिनीवरच्या उत्तम उपकरणालाही कळत नाही.

उपग्रहाची अडचण वेगळी. तो थांबत नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो आणि एका फेरीत त्याच्याभोवतीचे क्षेत्र हजारो नॅनोटेस्लांनी बदलते. त्यातून एक नॅनोटेस्लाचे स्पंदन वेगळे काढायचे म्हणजे आधी पृथ्वीच्या क्षेत्राचा फार काटेकोर आराखडा वजा करावा लागतो. वजाबाकी झाल्यावरही प्रश्न उरतोच. दिसलेला बदल काळातला की जागेतला? लहर आली, की आपणच एका रचनेतून पार झालो? एकट्या उपग्रहाकडे याचे उत्तर नसते. म्हणून २०००मध्ये क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह सोडले गेले, फेब्रुवारी २००७मध्ये थेमिस मोहिमेचे पाच. थेमिसची तर योजनाच अशी होती की उत्तर अमेरिकेत जमिनीवर कॅमेरे आणि मॅग्नेटोमीटर पेरायचे आणि वरचे पाच उपग्रह ठरावीक दिवसांनी त्यांच्या वर रांगेत यायचे. रात्रीच्या बाजूला चुंबकावरणाची शेपटी ताणली जाते आणि अचानक सुटते, त्या क्षणी जमिनीवर पीआय२ उमटते. या सुटण्याची सुरुवात नक्की कुठे होते यावर वर्षानुवर्षे भांडण होते. २००८च्या फेब्रुवारीतल्या एका घटनेत थेमिसने ती दूर शेपटीत, रेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात तिथे, होत असल्याचा पुरावा दिला. भांडण त्याने पूर्ण मिटले असे नाही, पण दोन्ही टोकांना घड्याळे लावल्याशिवाय ते सुरूसुद्धा नीट झाले नसते.

आपल्या अक्षांशावर जमीन आणि उपग्रह ही जोडी आणखीच आवश्यक होते आणि याची कल्पना उत्तरेकडच्या देशांत लिहिलेली पुस्तके वाचून येत नाही. नॉर्वेतून निघणारी चुंबकीय रेषा पृथ्वीच्या त्रिज्येच्या कित्येक पट बाहेर जाऊन येते. तिथल्या माणसाच्या पायाखाली थेट चुंबकावरणाचे टोक असते. अलिबागमधून निघणारी रेषा मात्र दोन-चारशे किलोमीटर उंची गाठते आणि खाली वळते, म्हणजे ती आयनांबराच्या बाहेरच पडत नाही. चुंबकावरणाशी आपला सरळ धागा नाही. मग अलिबागला पीसी३ आणि पीआय२ दिसतात कशी? ती रेषांना आडवी कापत, दाबाच्या लहरीच्या रूपाने येतात, आणि पीआय२च्या बाबतीत पृथ्वीलगतचा दाट प्लाझ्माचा प्रदेश अख्खा पोकळीसारखा घुमतो असे मानायला चांगले कारण आहे. म्हणूनच ती रात्री सुटली तरी दिवसाच्या बाजूलाही कधीकधी उमटतात. हे ठरवायला वर उपग्रह आणि खाली अलिबाग, नागपूर, तिरुनेलवेलीसारखी केंद्रे एकाच वेळी बघावी लागतात. १९७१पासून स्वायत्त असलेली आणि आज नवीन पनवेलमध्ये असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था हे काम करते.

उपयोग काय, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पीसी५च्या लयीशी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची लय जुळली की ते इतके वेगवान होतात की उपग्रहांची इलेक्ट्रॉनिक्स निकामी करतात. पीसी१च्या जातीच्या लहरी उलट त्यांना वातावरणात सांडून टाकतात. २०१२ ते २०१९ या काळात व्हॅन अ‍ॅलन प्रोबच्या जोडीने आणि २०१६च्या डिसेंबरात सोडलेल्या जपानच्या अरासे उपग्रहाने यावर पुष्कळ प्रकाश टाकला. सविस्तर चर्चा पुढे आहेच.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते पीसी३चे एक साधे सूत्र, आणि शाळेच्या वर्गात करता येईल असे ते एकच आहे. सौरवाऱ्यातले काही प्रोटॉन पृथ्वीपुढे वारा जिथे आदळतो त्या धक्कारेषेवरून परत फिरतात आणि येणाऱ्या वाऱ्यात लहरी उठवतात. वारा त्या लहरींना आत ढकलतो. त्या लहरींचा आवर्तकाल सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्रावर ठरतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी व्हॅलेरिया त्रोइत्स्काया आणि त्यांच्या सोव्हिएत सहकाऱ्यांनी हिशेब दिला तो असा, की १६०ला नॅनोटेस्लांतल्या क्षेत्राने भागा, सेकंद मिळतील. क्षेत्र ५ असेल तर ३२ सेकंद, ८ असेल तर २०. क्षेत्राची दिशा सूर्य-पृथ्वी रेषेच्या जवळ असली की स्पंदने जोर धरतात, आडवी असली की बहुधा येत नाहीत.

पूर्वी या सूत्राची एक बाजू परदेशी उपग्रहांकडूनच घ्यावी लागे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचले. त्याच्या सहा मीटर लांब दांडीवर दोन चुंबकीय संवेदक बसवले आहेत, एक टोकाला आणि एक मध्यावर. यानाचे स्वतःचे चुंबकत्व त्यामुळे ओळखून वजा करता येते. अलिबागच्या वेधशाळेत लोखंड टाळणे आणि अंतराळात सहा मीटरची दांडी काढणे या दोन्हींमागे भीती एकच आहे. आता सूत्राचा भागाकार आदित्यच्या आकड्यांवरून करता येतो आणि उत्तर अलिबागच्या नोंदीत तपासता येते. सौरवारा सेकंदाला चारशे किलोमीटरने येत असेल तर तिथून इथवर पोचायला त्याला तासाभराच्या थोडे वर लागते. तेवढे अंतर घड्याळात धरायचे.

मीरा-भाईंदरच्या शाळा-कॉलेजांतल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे, की हे पुस्तक वाचून संपायची वाट न बघता एक दिवस निवडा. आदित्यची विदा इस्रोने सर्वांसाठी खुली केली आहे. अलिबागची नोंद इंटरमॅग्नेटच्या जाळ्यात आणि मुंबईच्या जागतिक भूचुंबकत्व विदा केंद्रात असते. मिनिटाची नोंद हाती आली तर पीसी३च्या मागे लागू नका, कुलाब्याच्या वहीसारखीच ती त्याला अपुरी आहे. मोठ्या वादळातली पीसी५ तीत शोधा. मे २०२४चे वादळ घ्या. त्याचा पहिला धक्का भारतीय वेळेनुसार १० मेच्या रात्री साडेदहानंतर बसला आणि तळ दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आला, वादळांच्या जागतिक निर्देशांकात सुमारे ४०० नॅनोटेस्लांची घट झाली. सेकंदाची नोंद मिळाली तर पीसी३साठी शांत दिवसाची सकाळ निवडा. आलेख काढण्याआधी एवढे बघा, की नोंदीतली वेळ जागतिक आहे. भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे असतात.